झाकलेलं आणि ताब्यात

काही वर्षांपूर्वी कराडजवळच्या एका गावात लग्नाला गेलो होतो. अक्षता पडल्या, पंगती बसू लागल्या आणि स्टेजवर पाहुण्यांची ये-जा सुरू झाली. नवरीचे एक चुलते वर आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, बोटांत अंगठ्या. नवरदेवाच्या आजोबांच्या पाया पडायला ते वाकले आणि पाठीमागं कमरेत खोचलेलं त्यांचं रिव्हॉल्व्हर निसटून फळ्यांवर आदळलं. सनई वाजत होती म्हणून आवाज फार जणांना ऐकू गेला नाही. स्टेजच्या कडेला बसलेल्या पाच-सहा वर्षांच्या एका पोरानं ते दोन्ही हातांनी उचललं आणि म्हणाला, “काका, तुमचं पडलं.” नळीचं तोंड त्याच्या स्वतःच्या पोटाकडं होतं.

बार उडाला नाही. काकांनी रिव्हॉल्व्हर घेतलं, हसले, पुन्हा तिथंच खोचलं आणि फोटोला उभे राहिले. मी फौजेत चोवीस वर्षं काढली. त्यातली बरीचशी शस्त्रांच्या दुरुस्तीत आणि देखभालीत गेली. पण त्या पोराच्या हातातलं रिव्हॉल्व्हर पाहून जसं पोटात कालवलं, तसं पूर्वी कधी झालं नव्हतं. घरी येताना एकच गोष्ट मनातून जाईना. या माणसानं परवान्यासाठी कचेरीचे उंबरे झिजवले असतील, शस्त्रावर मोठी रक्कम घातली असेल. पण ते अंगावर ठेवायचं कशात, हा प्रश्न त्याला एकदाही पडला नव्हता.

पुढं परवानाधारकांना शस्त्र हाताळणीचे धडे द्यायला लागलो, तेव्हा कळलं की हे काका एकटे नव्हते. कुणी पिस्तूल रुमालात गुंडाळून खिशात घालतो, कुणी दुचाकीच्या डिकीत टाकतो, कुणी रेक्झिनच्या ढिल्या पिशवीत घालून पट्ट्याला लटकवतो. शस्त्राची माहिती विचारणारे शंभर भेटतात, म्यानाची माहिती विचारणारा एखादाच. म्हणून या पुस्तिकेच्या दोन्ही लेखकांनी हस्तलिखित माझ्याकडं आणलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. त्यांच्यापैकी एक पिढीजात चामड्याचं काम करणारे कारागीर आहेत आणि दुसरे माझ्यासारखेच फौजेतून निवृत्त झालेले. एकाला चामडं कळतं, दुसऱ्याला शस्त्र. सातारा आणि सांगलीच्या माणसाच्या अंगावर, त्याच्या कपड्यांत, त्याच्या उठण्याबसण्यात बसेल असं होल्स्टर कसं निवडावं, एवढाच विषय त्यांनी घेतला आहे आणि तो तडीस नेला आहे.

होल्स्टर ही हौसेची वस्तू आहे, असा आपल्याकडं समज आहे. तो आधी काढून टाकायला हवा. शस्त्र नियम, २०१६ मधला बत्तिसावा नियम याबाबत स्पष्ट आहे. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर न्यायचं असेल, तर ते त्यासाठीच बनवलेल्या आणि अंगाला जोडलेल्या होल्स्टरमध्ये असलं पाहिजे, नाही तर पाठपिशवीसारख्या साधनात असलं पाहिजे. ते पूर्ण झाकलेलं असावं आणि बाळगणाऱ्याचा त्यावर परिणामकारक ताबा असावा, असंही त्यात म्हटलं आहे. म्हणजे कमरेत नुसतं खोचलेलं रिव्हॉल्व्हर धोक्याचं तर आहेच, शिवाय नियमाचा भंगही आहे. शर्टाच्या खालून मूठ मुद्दाम दिसू देणं हाही त्याच नियमाचा भंग.

झाकलेलं आणि ताब्यात. या पुस्तिकेचा सगळा सार या दोन शब्दांत आहे. वाचकांनी आणखी एका गोष्टीकडं लक्ष द्यावं. शस्त्र किती झटकन बाहेर काढता यावं, याबद्दल हा नियम चकार शब्द काढत नाही. सिनेमे पाहून आलेला नवा परवानाधारक मात्र पहिला प्रश्न तोच विचारतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस धरले, तर शस्त्र बाहेर काढण्याची वेळ जवळपास कुणावरच एकदाही येत नाही. ते अंगावर नीट राहण्याची गरज मात्र रोजच्या प्रत्येक मिनिटाला असते. होल्स्टर निवडायचं ते या मिनिटांसाठी.

कायद्याचा धागा इथंच पुरा करतो. शस्त्र अधिनियम १९५९ सालचा. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. २०१९ च्या दुरुस्तीनं एका परवानाधारकाला जास्तीत जास्त तीनऐवजी दोनच बंदुका बाळगण्याची मुभा ठेवली, परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं केली आणि लग्नात-वरातीत आनंदानं बार काढण्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. सातारा आणि सांगली या दोन्ही ठिकाणी पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळं परवाना देण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकारी म्हणून जिल्हाधिकाऱ्यांचा. परवान्याच्या मागच्या बाजूला छापलेल्या अटी कुणी वाचत नाही. विशेष परवानगीशिवाय शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, जाहीर सभेत किंवा शाळा-कॉलेजच्या आवारात नेऊ नये, ही अट त्यांत आहे. मांढरदेवला काळूबाईच्या यात्रेला निघालात, पालीला खंडोबाला निघालात किंवा माउलींची पालखी लोणंदला टेकल्यावर दर्शनाला निघालात, की शस्त्र घरी कुलपात. त्या दिवशी कोणतं होल्स्टर घालू, हा प्रश्नच नाही.

आता शस्त्रांकडं येऊ. ज्या बोअरची शस्त्रं फौज आणि पोलीस वापरतात, त्यातली बहुतेक सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. नऊ मिलिमीटरचं पिस्तूल त्यातलंच. म्हणून आपल्याकडं कमरेला लागतं ते बहुतेक बत्तीस बोअर. त्यात कानपूरला बनणारं, मधून मोडून उघडणारं सहा गोळ्यांचं जुन्या घडणीचं रिव्हॉल्व्हर आहे; त्याचं वजन साधारण सातशे ग्रॅम. २०१४ मध्ये आलेलं ‘निर्भीक’ टायटॅनियमच्या मिश्रधातूचं आहे आणि पाचशे ग्रॅमच्या आसपास भरतं. २०२३ मध्ये आलेल्या ‘प्रबल’चं सिलिंडर बाजूला उघडतं. पिस्तुलांत ‘अशनी’ आहे. शिवाय आजोबा-पणजोबांकडून चालत आलेली विलायती शस्त्रं आहेत, त्यांचे आकार तर नाना तऱ्हेचे. दुकानात जाऊन “बत्तीसचं कव्हर द्या” म्हटलं, की समोर येईल ते यांतल्या एकालाही नीट बसत नाही. रिव्हॉल्व्हरचं पोट सिलिंडरपाशी फुगलेलं असतं, पिस्तूल चपटं असतं. एकासाठी शिवलेल्या म्यानात दुसरं घातलं, की ते खुळखुळतं किंवा अडकतं. म्हणून लेखकांचा पहिला आग्रह आहे तो हा, की म्यान बोअर पाहून घेऊ नये, त्या शस्त्राच्या मापावर घ्यावं. पायाचं माप न देता कुणी चप्पल शिवून घेत नाही.

चांगल्या होल्स्टरनं तीन कामं केली पाहिजेत. पहिलं, चाप आणि चापाभोवतीचं कडं पूर्ण झाकलं पाहिजे, तेही अशा जाड आणि ताठ चामड्यानं की बाहेरून बोटानं दाबलं तरी आत चाप हलू नये. अपघाती बाराचं मूळ बहुतेक वेळा इथंच असतं. शर्टाचं टोक, किल्ल्यांचा जुडगा, नाडीचा गोंडा, काहीतरी चापाशी अडकतं. दुसरं, शस्त्र धरून ठेवलं पाहिजे. घोडा बाहेर असलेल्या रिव्हॉल्व्हरला वरून एक पट्टी हवी. ती घोड्याच्या मागून येऊन बटणानं बंद व्हावी, म्हणजे घोडा मागं ओढलाच जाणार नाही. तिसरं, शस्त्र बाहेर काढल्यावरही म्यानाचं तोंड उघडं राहिलं पाहिजे. तोंड मिटलं, की माणूस दुसऱ्या हातानं ते उघडायला जातो आणि नळी स्वतःच्या तळहातासमोर येते. स्वस्तातल्या मऊ पिशव्या याच एका दोषासाठी टाकून द्याव्यात, इतका तो मोठा आहे.

ही तीन कामं जगात कुठंही सारखीच. त्यापुढचं मात्र आपल्या मुलखाचं. परदेशातल्या पुस्तकांत आणि व्हिडिओत दिसणारा माणूस खुर्चीवर बसतो, मोटारीतून फिरतो आणि पँटीला जाड पट्टा लावतो. आपला माणूस पंगतीला मांडी घालून बसतो, बांधावर उकिडवा बसतो, ट्रॅक्टरवर हादरे खातो, पुणे-बंगळूर महामार्गावर साताऱ्याहून पेठ नाक्यापर्यंत दुचाकी दामटतो, वाकून पाया पडतो आणि देशी संडासात जातो. यातल्या प्रत्येक हालचालीत कमरेची दुमड बदलते. पोटापुढं, पँटीच्या आतून शस्त्र ठेवायची पद्धत बाहेर फार चालते. मांडी घातली, की त्या शस्त्राची नळी जांघेत रुतते आणि तिचं तोंड मांडीच्या मोठ्या शिरेकडं वळतं. पाठीच्या मधोमध ठेवलेलं शस्त्र दुचाकीवरून पडल्यावर मणक्यावर आदळतं. वाकल्यावर शर्ट वर जाऊन ते सगळ्यांना दिसतं आणि माणूस पाठमोरा असताना कुणालाही ओढता येतं. लग्नातल्या त्या काकांचं शस्त्र तिथंच होतं.

लेखक ज्या जागेची शिफारस करतात, तीच मीही गेली कित्येक वर्षं सांगत आलो आहे. उजव्या हातानं काम करणाऱ्यानं उजव्या कुशीच्या हाडामागं, शिवणीपासून दोन बोटं मागं, मूठ किंचित पुढं कललेली, असं शस्त्र ठेवावं. तिथं मांडी घालताना ते रुतत नाही आणि कोपर नुसतं दाबलं तरी जागेवर आहे की नाही ते कळतं. दिवसभर गाडी चालवणाऱ्यांना डाव्या कुशीवर, मूठ उजवीकडं, असं आडवं होल्स्टर सोयीचं पडतं. पण समोरच्या माणसाच्या हाताला ते जवळ असतं, म्हणून गर्दीत त्याला वरची पट्टी लावलेलीच हवी. घोट्याचं आणि खिशातलं होल्स्टर यांवर लेखकांनी थोडक्यात लिहिलं आहे आणि तेवढंच पुरेसं आहे.

कपड्यांचं प्रकरण मला सगळ्यांत प्रामाणिक वाटलं. शस्त्राचं वजन पेलतो तो पट्टा, होल्स्टर नव्हे. दुपदरी चामड्याचा, दीड इंच रुंद, पीळ न खाणारा पट्टा नसेल, तर महागातलं होल्स्टरही बाहेर झुकतं आणि चालताना मांडीवर आपटतं. आपल्याकडं धोतर आणि नाडीचा पायजमा अजून अंगावर आहे. नाडीला सातशे ग्रॅम लोखंड टिकत नाही. अशा माणसानं नेहरू शर्टाच्या आत वेगळा कंबरपट्टा बांधावा किंवा खांद्यावरून घेतलेल्या पट्ट्याचं होल्स्टर बंडीखाली घालावं. यातलं काही जमत नसेल, तर शस्त्र बरोबर घेऊ नये. साडी नेसणाऱ्या परवानाधारक स्त्रीसाठी लेखक पर्सचा पर्याय देतात, तोही अटींवर. शस्त्रासाठी वेगळा, बंद होणारा कप्पा हवा, त्यात आत पक्कं म्यान हवं, दुसरी एकही वस्तू नको आणि पर्स खांद्यावरून उतरवून खुर्चीला अडकवायची नाही. घरात पर्स कुठंही पडलेली असते आणि नातवंडं आजीच्या पर्समध्ये गोळ्या-चॉकलेट शोधतात, हे वाक्य त्यांनी लिहिलं आहे. ते वाचून मी थांबलो होतो.

हवामानाचा विचारही असाच इथला आहे. सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ या नावानं वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणजे मुलूख मुळात एकच. पण त्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर आहे, जिथं वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि पूर्वेला माण, आटपाडी, जत आहेत, जिथं पाचशेच्या आसपास पडला तरी लोक समाधान मानतात. पाटणच्या किंवा शिराळ्याच्या माणसाचं होल्स्टर जून ते सप्टेंबर ओलसर राहतं आणि त्यावर बुरशी धरते. जतच्या माणसाचं एप्रिल-मेच्या घामानं आतून भिजतं आणि बाहेरून उन्हानं तडकतं. घाम पावसाच्या पाण्यापेक्षा वाईट, कारण त्यात मीठ असतं आणि मीठ पोलाद खातं. म्हणून अंगाच्या बाजूला चामड्याची एक जादा पट्टी वर काढलेली असावी, म्हणजे शस्त्र थेट कातडीला लागत नाही. भिजलेलं होल्स्टर चुलीपाशी किंवा उन्हात वाळवू नये. कागदाचे बोळे आत भरून सावलीत वाळू द्यावं, मग हलका मेणाचा हात द्यावा. आणि एक नियम कायमचा लक्षात ठेवावा. रात्री शस्त्र म्यानात ठेवायचं नाही. साल-फळांनी कमावलेल्या चामड्यात आम्लाचा अंश असतो. तो काडतुसाच्या पितळेवर हिरवं कीट चढवतो आणि नळीवर गंजाचे ठिपके आणतो. घरी आलं, की शस्त्र रिकामं करावं, पुसावं, तेलाचा पातळ हात द्यावा आणि कुलपात ठेवावं. म्यान खुंटीला, शस्त्र कपाटात.

चामड्यावरचं प्रकरण हा या पुस्तिकेचा गाभा आहे आणि तिथं कारागीर लेखकाचं मन उघडं झालं आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन जाहीर झालं, तेव्हा महाराष्ट्रातले चार जिल्हे त्यात धरले गेले: कोल्हापूर, सोलापूर, सांगली आणि सातारा. शेजारच्या कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर असे आणखी चार. म्हणजे आपल्या दोन जिल्ह्यांतला चर्मकार त्या परंपरेचा हक्काचा वारस आहे. त्या चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेलं असतं. हिरडा आपल्याच सह्याद्रीच्या माथ्यावरचा. असं कमावलेलं जाड चामडं होल्स्टरला लागतं तसंच असतं. ओलं करून फर्म्यावर दाबलं, की ते आकार घेतं आणि वाळल्यावर तो आकार सोडत नाही. क्रोमनं कमावलेलं चामडं पर्सला छान, पण मऊ. त्याचं म्यान शस्त्र काढताच मिटतं. आतून तांबडट-पिवळसर, कापल्यावर कडेला एकसारखा रंग आणि वाकवल्यावर ताठ, अशी ओळख लेखकांनी दिली आहे.

आपला कारागीर रापीनं चामडं कापतो, आरीनं भोकं पाडतो, वादीनं किंवा मेणाच्या दोऱ्यानं शिवतो. ही हत्यारं आणि हा हात शेकडो वर्षांचा आहे. त्याला फक्त दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या आहेत: शस्त्राचा फर्मा आणि धोक्याच्या जागा. फर्म्यासाठी खरं शस्त्र कारागिराकडं सोडून यायचं नाही. तो गुन्हा होईल. परवानाधारकानं स्वतः समोर बसून रिकाम्या शस्त्राची मापं द्यावीत आणि त्याच मापाचा लाकडी फर्मा करून घ्यावा, हा या पुस्तिकेतला मार्ग मला फार पटला. एकदा फर्मा झाला, की त्या कारागिराकडं एक नवं गिऱ्हाईक उभं राहतं आणि गिऱ्हाइकाला परदेशी वस्तूसाठी महिनोन्‌महिने वाट पाहावी लागत नाही. कायडेक्स नावाचं कडक प्लास्टिकही लेखकांनी न्यायानं तपासलं आहे. ते १९६५ मध्ये विमानांच्या आतल्या सजावटीसाठी बनवलं गेलं आणि नंतर होल्स्टरला आलं. त्याला पाऊस लागत नाही, बुरशी धरत नाही, तोंड मिटत नाही. कोयनेच्या खोऱ्यातल्या माणसानं त्याचा जरूर विचार करावा. पण उन्हाळ्यात त्याची कड घामेजल्या कातडीला घासते, आणि मांडी घातल्यावर तर जास्तच. चामडं महिनाभरात अंगाला ओळखू लागतं, प्लास्टिकला ती ओळख होत नाही.

म्यान शरीराच्या गरजेतून जन्मतं, याचं एक मोठं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. पोलीस अधिकाऱ्यांच्या गणवेषात खांद्यावरून तिरपा जाणारा तपकिरी पट्टा आपण पाहतो. त्याला सॅम ब्राऊन बेल्ट म्हणतात. सॅम्युअल ब्राऊन हा इंग्रज घोडदळाचा अधिकारी. १८५८ मध्ये उत्तर हिंदुस्थानातल्या लढाईत त्याचा डावा हात गेला. तलवार उपसताना म्यान धरायला दुसरा हात उरला नाही, म्हणून त्यानं वजन खांद्यावर घेणारा आणि म्यान जागेवर रोखणारा पट्टा बनवला. पुढं त्याच पट्ट्याला पिस्तुलाची पेटीही आली. तो पट्टा जगभरच्या फौजांनी उचलला, कारण एका हातानं सगळं व्हायला हवं, ही त्याची कसोटी होती. आपल्याही होल्स्टरला तीच कसोटी लावा. एका हातानं आत गेलं पाहिजे, एका हातानं पट्टी बंद झाली पाहिजे आणि डोळे खाली न घालता हे जमलं पाहिजे.

पुस्तिकेच्या शेवटच्या भागात आठ दिवसांची घरची परीक्षा आहे. नवं होल्स्टर घेतल्यावर लगेच बाहेर पडायचं नाही. शस्त्र रिकामं करायचं, दोनदा तपासायचं, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवायची. मग होल्स्टर घालून घरात वावरायचं. मांडी घालून जेवा, उकिडवे बसा, जिना चढा, वाकून नमस्कार करा, बंद दुचाकीवर बसा-उठा. रिकामं शस्त्र आत घालून, पट्टी न लावता, होल्स्टर गादीवर उलटं धरा आणि हलवा. शस्त्र पडलं, तर होल्स्टर नापास. चापाच्या जागी बाहेरून अंगठा दाबा. आत हालचाल जाणवली, तर नापास. चौथ्या दिवशी कातडीवर वळ दिसला, तर जागा दोन बोटं पुढं-मागं करा. आणि संडासात काय करायचं, हे आधीच ठरवा. शस्त्र काढून खिडकीत ठेवायचं नाही. पट्टा सैल झाला, तरी होल्स्टर हाताखाली राहील अशी सवय करा. खिडकीत ठेवलेलं शस्त्र माणूस विसरून जातो, हे मी स्वतः पाहिलं आहे. बँकेच्या पहाऱ्यावर असलेल्या एका निवृत्त जवानाला मी ते परत आणून दिलं होतं. त्याचे हात कापत होते.

देवळाचं एक वेगळं पान लेखकांनी लिहिलं आहे आणि ते फक्त आपल्याकडच्याच पुस्तकात येऊ शकतं. कित्येक देवळांत चामड्याची वस्तू आत नेऊ देत नाहीत. पट्टा, पाकीट बाहेर ठेवायची आपली रीत आहे. होल्स्टर चामड्याचं आहे म्हणून ते चपलांपाशी किंवा प्रसादाच्या दुकानात सोडून दर्शनाला जाणारी माणसं आहेत. हे कधीही करू नये. कचेरी, कोर्ट, बँक, दवाखाना, देऊळ यांपैकी कुठंही जायचं असेल, त्या दिवशी शस्त्र घरी. दिवसाचा कार्यक्रम पाहून शस्त्र घ्यायचं की नाही ते ठरवावं. शस्त्र आहे म्हणून रोज घ्यायचं, असं नसतं.

मी हे इतक्या कळकळीनं का लिहितो आहे, ते सांगून आवरतं घेतो. हा मुलूख शस्त्र ओळखणारा आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावानं पहिल्या महायुद्धात सेहेचाळीस जवान गमावले. त्यांच्या नावाचा स्तंभ गावात उभा आहे. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यातच सुरू झाली. सांगलीच्या तुरुंगातून २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावून बाहेर पडले, तेव्हा दादांना गोळी लागली आणि त्यांचे दोन साथीदार धारातीर्थी पडले. त्याच काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रति सरकार कुंडलच्या परिसरातून इंग्रजांना आव्हान देत होतं. त्या वेळी १८७८ चा शस्त्रकायदा होता. साध्या माणसानं शस्त्र जवळ ठेवणं म्हणजे जिवावर उदार होणं होतं. ज्यांनी तेव्हा शस्त्र धरलं, त्यांनी ते कामासाठी धरलं, दाखवायला नव्हे. आणि आज स्वतंत्र देशाच्या कायद्यानं विश्वासानं दिलेलं शस्त्र कमरेत खोचून कुणी फोटोला उभं राहतं, तेव्हा मला त्या स्तंभावरची नावं आठवतात.

आपल्याकडं शस्त्राची गरज असणारी माणसंही आहेत. विटा-खानापूरकडचे गलाईवाले देशभर सोन्याचांदीच्या कामात आहेत, सांगलीत हळदीचे आणि तासगावात बेदाण्याचे सौदे करणारे व्यापारी आहेत, रोकड नेणारे आहेत. त्यांची चिंता खरी आहे आणि त्यांना मी शस्त्र टाकून द्या असं म्हणत नाही. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की शस्त्र घेतल्या दिवशी होल्स्टर घ्या, होल्स्टर घेतल्या दिवशी पट्टा घ्या, आणि आठ दिवस घरात वावरल्याशिवाय उंबरा ओलांडू नका. आपल्या गावातल्या चर्मकाराकडं जा, त्याच्यासमोर बसा, ही पुस्तिका त्याला दाखवा आणि त्याच्या कामाचे पूर्ण पैसे द्या.

तुमच्या कमरेला शस्त्र आहे, हे शेजारी बसलेल्या माणसाला वर्षभरात एकदाही कळलं नाही, आणि तुम्ही मात्र ते एका क्षणासाठीही विसरला नाहीत, तर समजा की होल्स्टर बरोबर निवडलं आहे.